आमच्या ऑफिसात साहेबच नाही म्हणे! उतरंड बरी की सपाट?

उद्यमबागचा पाहुणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. सल्ला मागायचा नाही, डोक्यात घोळतंय ते मांडायचंय.

बारा वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, काढली. गेल्या जूनपासून टिळकवाडीत एका छोट्या डिझाइन ऑफिसात आहे. तेवीस माणसं. फाउंड्रीवाल्यांनाच पॅटर्नची (ज्यावरून साचा पाडतात त्या लाकडी नमुन्याची) ड्रॉइंग, साच्यात रस कसा भरेल त्याचं सिम्युलेशन वगैरे करून देतो. पहिल्याच दिवशी कानावर घातलं, "इथं कोणी कोणाचा साहेब नाही. आपली कंपनी फ्लॅट आहे. सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची."

जुन्या ठिकाणची तऱ्हा बरोबर उलटी. मालक, मॅनेजर, शिफ्ट इनचार्ज, सुपरवायझर, मिस्त्री, मोल्डर आणि तळाला हेल्पर. चहासुद्धा त्याच क्रमानं खाली यायचा. केबिनमध्ये कपबशी, सुपरवायझरला काचेचा ग्लास, भट्टीवर कागदी कप, आणि तिथं पोचेपर्यंत चहा कोमट.

तिथली एक रात्र अजून डोक्यातून जात नाही. एसजी आयर्नचं ओतकाम चाललं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वितळलेल्या बिडात (ओतीव लोखंडात) मॅग्नेशियम घातलं की आतलं ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोल गोळ्या धरतं आणि कास्टिंग चिवट होतं. पण मॅग्नेशियम टिकत नाही. साधारण दहा-बारा मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं, नाहीतर गुण उतरतो. त्या रात्री लॅडल (रस वाहून न्यायचं भांडं) भरली आणि क्रेन अडकली. ओतकामाला जे मामा होते त्यांना तीस वर्षांचा अनुभव. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझरनं इनचार्जला फोन लावला, इनचार्ज दुसऱ्या शेडमध्ये, फोन उचलेना. रस परत भट्टीत टाकायचा तर रजिस्टरवर इनचार्जची सही लागायची. क्रेन सुरू झाली तेव्हा सतरा मिनिटं झाली होती. ओतलं. सकाळी लॅबमध्ये नमुना बघितला आणि आख्खी लॅडल भंगारात गेली.

मी मामांना विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना?"

"होय की. पण थांबवायला मी कोण?"

म्हणून सपाट ऑफिसात आलो तेव्हा जाम खूश होतो. मग गेल्या महिन्यात काय झालं बघा. गिऱ्हाइकानं ड्रॉइंग बदलून पाठवलं. तिघांनी आपापल्या कॉपीत आपापले बदल केले. एकानं चौथीच, म्हणजे जुनी, फाइल पॅटर्नवाल्याला धाडली. लाकूड कापून झालं. मीटिंग बसली तर जो तो म्हणतोय, मला वाटलं तू बघशील. शेवटी ठरलं की "आपण सगळेच जबाबदार". म्हणजे कोणीच नाही. पैसे कोणी भरायचे ते मात्र कंपनी काढणाऱ्या, साहेब नसलेल्या साहेबांनी एका मिनिटात ठरवलं.

तिथं थांबवायला कोणाला हक्क नव्हता, इथं ठरवायला कोणी नाही. तुमच्याकडे काय चाललंय?

खडेबाजार

साहेब नाही म्हणजे पगारवाढ कोणाकडं मागायची ते आधी बघून घ्या. बाकी चालू द्या. कुंदा खात बसलोय.

अनगोळकर

नावानं हाक मारायचं म्हणजे कठीणच की हो. आमच्यात पन्नाशीच्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारली तर घरी आई विचारेल, हेच शिकवलं काय? मी नावापुढं अण्णा लावून सोडलंय. ऑफिसातल्या इंग्रजी ईमेलमध्येसुद्धा अण्णाच.

फौजीभाऊ

आमचा तर जन्मच उतरंडीत गेला. इथल्याच मराठा सेंटरमधून भरती, चोवीस वर्षं नोकरी, सुभेदार म्हणून घरी आलो.

धागाकर्त्याला एक सांगतो. लोकांना वाटतं फौज म्हणजे वरून हुकूम आणि खालून सॅल्यूट. तसं असतं तर एक दिवस चाललं नसतं. दहा जणांचं सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. प्रत्येकाला आपल्याखालची मोजकीच माणसं सांभाळायची असतात, म्हणून नावनिशी, घरदार, कोणाची बायको आजारी आहे, सगळं ठाऊक असतं. उतरंडीचा खरा फायदा हा. हुकूम पोचतो ते सोडा, विचारपूस पोचते.

दुसरं म्हणजे संमेलन. कमांडिंग ऑफिसरसमोर बटालियन बसते आणि कुठलाही जवान उभा राहून बोलू शकतो. मी एकाला मेसच्या डाळीबद्दल बोलताना ऐकलंय, आणि डाळ सुधारलेली खाल्लीय.

तिसरं, फायरिंग रेंजवर काही गडबड दिसली की कोणीही "थांब" म्हणून ओरडायचं. रिक्रूट असला तरी. त्याला नंतर कोणी विचारत नाही, तू कोण म्हणून. तुमच्या मामांना एवढंच दिलं असतं तर लॅडल वाचली असती. साहेब कमी करायची गरज नव्हती.

अजून एक. नवा लेफ्टनंट येतो, वय बावीस-तेवीस. पंचवीस वर्षं नोकरीचा सुभेदार त्याला साहब म्हणतो. पण तो पोरगाही सुभेदाराला साहबच म्हणतो. तुमच्या नावानं हाक मारण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

उद्यमबागचा पाहुणा

@फौजीभाऊ, शेवटचं वाचून अंगावर काटा आला. मामांना आमच्याकडं मॅनेजर "ए" म्हणून बोलवायचा.

निपाणीची पोर

माझी आई निपाणीत बिड्या वळायची. उतरंड काय असते ते मी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांत बघितलं.

मजुरी हजार बिड्यांमागं. पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मोडायचं, दोरा बांधायचा. संध्याकाळी माल घेऊन गेली की चेकर बसलेला. तो जुडी सोडणार, एक-दोन बोटांत फिरवणार आणि बाजूला टाकणार. छाट. सैल आहे, वाकडी आहे, तोंड उघडं आहे. छाट झालेल्या बिडीचे पैसे नाहीत आणि बिडीही परत नाही. ती जाते कुठं, ओढतं कोण, हे विचारायचं नाही.

पानं खराब द्यायची त्यांनीच, आणि बिडी वाकडी झाली म्हणून छाट काढायची त्यांनीच. आई एकदा बोलली तर दुसऱ्या दिवशी तिची दुप्पट छाट निघाली. मग कधी बोलली नाही. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याखालच्या नियमांत छाटीला मर्यादा घातलेली आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "ते चेकरला कोण सांगणार?"

तेव्हा पायऱ्या किती, हे मी मोजत नाही. एका माणसानं नाही म्हटलं तर त्याच्यावर कोणाकडं जाता येतं, एवढंच बघते. फौजीभाऊंकडं संमेलन होतं. आईकडं नव्हतं.

खडेबाजार

कुंदा बाजूला ठेवला.

पुण्यातला बेळगावकर

उत्तम धागा. या विषयावर थोडं वाचन केलंय म्हणून लिहितो, लांबलं तर माफ करा.

मामांची गोष्ट शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. आंरी फेयॉल हा फ्रेंच माणूस, खाणीत इंजिनिअर म्हणून लागला आणि कंपनीचा प्रमुख झाला. १९१६ मध्ये त्यानं व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं मांडली. आपण ज्याला उतरंड म्हणतो तिचा तो खंदा समर्थक. पण त्यानंच म्हणून ठेवलंय की दोन शिड्यांच्या खालच्या पायरीवरच्या दोघांना एकमेकांशी बोलायचं असेल तर निरोप वरपर्यंत चढवून पुन्हा खाली उतरवण्यात अर्थ नाही, मध्ये फळी टाका. वरच्यांनी फक्त तशी मुभा द्यायची. लॅडल आणि क्रेनच्या मध्ये ही फळी नव्हती.

आता सपाटवाले. गोर-टेक्स कापडाची कंपनी १९५८ पासून आहे, तिथं सगळे "असोसिएट". मोठ्या पदव्या नाहीत, पण नेते आहेत. लोक ज्याच्या मागं जातात तो नेता. मुख्य म्हणजे एका कारखान्यात दीडशे-दोनशेच्या वर माणसं झाली की ते दुसरा कारखाना काढत. सगळ्यांना सगळ्यांची तोंडओळख असेल तोवरच हे चालतं, हे त्यांना पक्कं माहीत.

व्हॉल्व्ह या व्हिडिओ गेमच्या कंपनीचं नव्या कर्मचाऱ्यांसाठीचं पुस्तक २०१२ मध्ये बाहेर फुटलं. त्यात टेबलांना चाकं. ज्या कामात रस आहे तिकडं टेबल ढकलत न्यायचं. दुसऱ्याच वर्षी तिथून काढलेल्या एका बाईंनी जाहीर सांगितलं की दिसत नाही असा एक वरचा थर तिथं होताच. बूट विकणाऱ्या झॅपोसनं २०१३ मध्ये मॅनेजर ही पदवीच काढायचं ठरवलं. २०१५ मध्ये सांगितलं, पटत नसेल तर पैसे घ्या आणि जा. सुमारे १८ टक्के लोक गेले, सगळेच याच कारणानं नव्हे. गूगलनं तर २००२ च्या सुमाराला इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून बघितले. काही महिन्यांत खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं घेऊन लोक थेट संस्थापक लॅरी पेजच्या दारात. मॅनेजर परत आले.

आणि जो फ्रीमन या अमेरिकन बाईंनी १९७० मध्येच स्त्रियांच्या चळवळीतल्या गटांबद्दल सांगून ठेवलं की रचना नाही असा गट नसतोच. रचना लिहिलेली नसली की ती मैत्रीच्या टोळक्यातून तयार होते, आणि लिहिलेली नसल्यामुळं तिच्याशी भांडताही येत नाही. तुमच्या ऑफिसात शनिवारी कोण कोणाबरोबर जेवायला जातं ते बघा. तोच तुमच्या उतरंडीचा चार्ट.

खडेबाजार

@पुण्यातला बेळगावकर, तुम्हाला पुण्यात जाऊन किती वर्षं झाली? पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी पुस्तक काढलंत.

(शनिवारच्या जेवणाचं मात्र शंभर टक्के खरं. आमच्यात ते टोळकं गोवावेसला जातं.)

मच्छेचा कारखानदार

आता मालकाचंही ऐका, सगळे मामांच्या बाजूनं बोलायलेत.

मच्छेत माझं मशीन शॉप आहे. अठ्ठावीस माणसं. याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सायकलच्या दुकानापासून सुरुवात झाली, तिथं कसला आलाय चार्ट? भावाभावांचं दुकान. माझंही वडिलांच्या वेळी तसंच होतं. पाच माणसं, वडील स्वतः लेथवर.

तेच मी अठ्ठावीस जणांत चालवायला गेलो. दार सगळ्यांना उघडं. निकाल असा की रविवारी सकाळी कपिलेश्वराला गेलो तरी फोन. मालक, पट्टा तुटला. मालक, पोराला ताप आहे, ॲडव्हान्स पाहिजे. मालक, हा मला असं बोलला. मिस्त्री बाजूला उभा आणि पोरं त्याला ओलांडून माझ्याकडं. तोही हात झाडून मोकळा, "मालकांनाच विचारा." सपाट म्हणजे सगळी उतरंड एकट्याच्या डोक्यावर, हे मला तेव्हा कळलं.

मग मिस्त्रीला सांगितलं, पाच हजारांपर्यंतची खरेदी तुझी तू कर, मला विचारू नको. दोन महिने काही फरक नाही. शंभराचा स्पॅनर घ्यायचा तरी येऊन उभा, "घेऊ काय?" तोंडानं अधिकार दिला होता, त्याच्या पोटातली भीती तशीच होती. एक दिवस त्यानं स्वतःहून बेअरिंग आणलं, बत्तीसशे रुपयांचं, आणि चुकीच्या नंबरचं. आख्खं शॉप माझ्या तोंडाकडं बघायलंय. मी म्हटलं, "बदलून मिळतंय काय बघ, नाहीतर ठेव, पुढं लागेल." झालं. पुढच्या आठवड्यापासून त्यानं विचारणं बंद केलं. ते बेअरिंग अजून कपाटात आहे.

धागाकर्त्याच्या साहेब नसलेल्या साहेबांबद्दल एकच शंका. मधल्या माणसाचा पगार वाचतो म्हणून तर सपाट नाही ना? आम्ही धंद्यातली माणसं आहोत, विचारून सोडलं.

खानापूरची लेक

मी टेस्टिंगमध्ये आहे, तीन वर्षं, "फ्लॅट" कंपनीत. धागाकर्त्याच्या नव्हे, दुसऱ्या.

साहेब नाही तिथं कामं वाटून देणारा कोणी नसतो. मग मीटिंगच्या नोंदी कोण घेणार? कोणाचंच काम नाही, म्हणजे माझं. वाढदिवसाचा केक कोण आणणार? नव्या मुलाला दोन दिवस बसून कोण शिकवणार? वर्षाच्या शेवटी याद्या निघतात, कोणी काय "नवीन" केलं, त्यात या कशाचाच रकाना नाही. सरकारी ऑफिसात असते तर निदान म्हणता आलं असतं, हे माझ्या कामात बसत नाही.

दुसरं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या सगळ्या मीटिंग इंग्रजीत. मी खानापूरच्या मराठी शाळेतली, शेजारी बसतो तो मुलगा बैलहोंगलकडचा, कन्नड माध्यमातला. सॉफ्टवेअरमधल्या सगळ्यात जास्त चुका आम्ही दोघं काढतो. मीटिंगमध्ये दोघंही मुके. ज्याला फाडफाड बोलता येतं तो आपोआप पुढारी होतो, त्याला कोणी नेमावं लागत नाही. बाहेर चहाला आलो की हा कन्नडमध्ये सुरू, मी मराठीत सुरू, दोघांना सगळं कळतं, आणि दहा मिनिटांत जे ठरतं ते नंतर कोणीतरी इंग्रजीत स्वतःच्या नावानं मांडतो.

फाउंड्रीत निदान मामा सुपरवायझरशी मराठीत बोलू शकत होते. आमच्याकडं उतरंड गेली नाही, ती फक्त इंग्रजी बोलायला लागली.

सीमेवरचा

मुळात इथं मराठी माणसाला वरची जागा मिळतेच कुठं? सगळी कागदपत्रं कन्नडमध्ये, एचआर बेंगळुरूचा, आणि

(प्रतिसाद लांबल्यामुळं पुढचा भाग खाली टाकतो)

अनगोळकर

थांबा थांबा. हा प्रश्न १९५६ पासूनचा आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. या धाग्यात सुटायचा नाही. वेगळा धागा काढा, तिथं मीही येतो भांडायला.

सीमेवरचा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

फौजीभाऊ

@खानापूरची लेक, शाब्बास. मीटिंगमध्ये एकदा मराठीतच बोलून बघा पोरी. समजलं नाही तर विचारतील की.

खानापूरची लेक

काका, बोलून बघितलं एकदा. "चांगला मुद्दा, ईमेल कर" म्हणाले.

पुण्यातला बेळगावकर

खडेबाजार यांचा टोमणा मान्य. एकच गोष्ट सांगून गप्प बसतो, ती कर्नाटकातल्याच बिडदीत कारखाना असलेल्या टोयोटाची. उतरंड तिथंही भरपूर. पण लाइनवर काम करणाऱ्याच्या हाताशी दोरी किंवा बटण असतं. काही चुकलं वाटलं की ओढायचं. ओढल्याबरोबर लाइन थांबत नाही, आधी टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत निस्तरलं नाही तर मग थांबते. म्हणजे दोरी ओढणाऱ्याला आपण बरोबर आहोत हे सिद्ध करावं लागत नाही. त्यानं फक्त शंका घ्यायची.

उद्यमबागचा पाहुणा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, कारण दोन गोष्टी झाल्या.

फळ्यावर आता प्रत्येक कामासमोर एकच नाव असतं. पद नाही, नाव. ड्रॉइंग बदललं की बदल त्या एकाच्या हातून. नाव दर कामाला वेगळं, कधी माझं, कधी काल लागलेल्या पोराचं. साहेब नसलेल्या साहेबांना हे आधी पटेना, आपण फ्लॅट आहोत म्हणाले. मी पॅटर्नच्या लाकडाचं बिल पुढं ठेवलं. (कारखानदारसाहेब, पगार वाचवायचं तुमचं ते मी विचारलं नाही. तेवढी छाती नाही.)

दुसरी अशी की फायली बाहेर जायच्या आधी कोणीही "थांब" म्हणू शकतो, आणि म्हणणाऱ्याला कारण लगेच सांगता आलं नाही तरी चालतं. पहिलं थांब ट्रेनी मुलीनं म्हटलं. डिप्लोमाची, होनग्याची, सहा महिन्यांत जेमतेम चार वाक्यं बोलली असेल. सिम्युलेशनच्या चित्रात एका जाड कोपऱ्यात लाल ठिपका होता, आम्ही सगळ्यांनी तो बघून सोडून दिला होता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, थांबा. तिथं पोकळी राहील वाटतंय." मराठीत. सर म्हणाली म्हणून कोणी टोकलं नाही. कोपऱ्याजवळ एक रायझर (आटताना रस पुरवणारा जादा साठा) वाढवला. कास्टिंग परवा निघालं, कापून बघितलं, आत भरीव.

मामा गेल्या वर्षीच निवृत्त झाले, काकतीला शेतावर असतात. त्यांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "रायझर केवढा दिलास?" मग अर्धा तास त्यावरच.

खडेबाजार

आणि पगारवाढ?

उद्यमबागचा पाहुणा

फळ्यावर तो रकाना अजून नाही.